विद्वत्सभेंतील विनोद

गेल्या महिन्यांत माझी धाकटी कन्या पुण्याहून चार दिवस घरीं आली होती. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणें हा तिचा व्यवसाय. त्या व्यवसायांतील मंडळींची एक परिषद लौकरच भरावयाची होती आणि तींत तिला वीस मिनिटें बोलावयाचें होतें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती कागद पुढें घेऊन बसली व म्हणाली, “बाबा, भाषण फार रुक्ष झालें आहे. एखादा विनोद घालूं का?”

मी जन्मभर वर्गापुढें उभा राहिलेला मनुष्य. पेंगणाऱ्या पोरांना जागें करण्यास विनोदासारखें दुसरें औषध नाहीं, हें मला अनुभवानें ठाऊक. मीं लागलीच म्हटलें, “अवश्य घाल. एकच कां, चार घाल!” तेव्हां ती म्हणाली, “घालीन. पण कोणता घालावा हाच तर प्रश्न आहे. आमच्या क्षेत्रांत या एका गोष्टीवरून केवढीं रणें माजलीं आहेत, याची तुम्हांला कल्पना नाहीं.” मग तिनें मला एकेक हकीकत सांगितली. त्या हकीकती मागाहून मीं स्वतः मिळवून वाचल्या, आणि वाचतां वाचतां मला माझ्याच एका जुन्या विनोदाची आठवण झाली. ती आठवण सुखाची नाहीं. आज या दोन्ही गोष्टी आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम परदेशांतील हकीकती सांगतों.

सन २००९ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरीं ‘रूबी’ नांवाच्या संगणकभाषेच्या अभ्यासकांची एक परिषद भरली होती. ही भाषा जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनीं निर्माण केली व १९९५ सालीं ती लोकांच्या हातीं दिली. त्या परिषदेंत एका वक्त्याचा विषय होता, माहितीचा मोठा सांठा करून ठेवणारी एक नवी व्यवस्था. विषय निव्वळ तांत्रिक. परंतु वक्त्यानें भाषणाच्या मथळ्यांतच त्या व्यवस्थेच्या कार्यक्षमतेची तुलना अश्लील चित्रपटांतील नटांच्या कामगिरीशीं केली होती. त्या मथळ्याचा शब्दशः अनुवाद येथें करणें मला प्रशस्त वाटत नाहीं. बोलत असतां त्यानें मागच्या पडद्यावर जीं चित्रें दाखविलीं, तींही त्याच जातीचीं, तोकड्या वस्त्रांतील स्त्रियांचीं. सभागृहांत स्त्रिया अगदीं थोड्या होत्या.

परिषद संपली आणि वाद सुरू झाला. रूबी भाषेवर उभारलेल्या ‘रेल्स’ या प्रसिद्ध साधनाच्या जनकानेंच अशा चावटपणाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. उलट त्या साधनाच्या प्रसारमंडळांतील एका सभासदानें निषेध म्हणून आपलें पद सोडलें. त्याच वर्षीं सारा ॲलन व सारा मेई या दोघींनीं मात्र वादापेक्षां अधिक उपयोगी असें काम केलें. त्यांनीं सॅन फ्रान्सिस्कोंत ‘रेल्सब्रिज’ नांवाचे विनामूल्य वर्ग सुरू केले. ज्या स्त्रिया या विद्येच्या दाराशीं घुटमळत होत्या, त्यांना हात धरून आंत आणणें हा त्या वर्गांचा हेतु.

दुसरी हकीकत त्याच शहरांतील, सन २०१३ च्या सप्टेंबरमधील. ‘टेकक्रंच’ या संस्थेच्या मेळाव्यांत एक स्पर्धा होती. रात्रभर खपून कांहीं नवें साधन तयार करावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं व्यासपीठावर एका मिनिटांत तें लोकांना दाखवावयाचें. दोन तरुणांनीं थट्टेनें एक साधन मांडलें. स्त्रियांच्या देहाकडे टक लावून पाहणाऱ्या पुरुषांनीं आपलीं तशीं छायाचित्रें एकमेकांस दाखवावीं, ही त्यांतली ‘गंमत’. त्याच स्पर्धेंत, त्याच व्यासपीठावर, नऊ वर्षांची एक मुलगी आपण केलेलें साधन घेऊन उभी राहिली होती. मुलांना एकत्र खेळावयास जमतां यावें, यासाठीं आईबापांना उपयोगी पडेल असें तें साधन होतें. चालकांनीं त्याच दिवशीं जाहीर क्षमा मागितली आणि पुढें प्रत्येक प्रयोग आधीं तपासून घेऊं, असें आश्वासन दिलें.

श्रोतेहो, ही दुसरी हकीकत वाचून मीं चष्मा काढून ठेवला. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडील चौथीची विद्यार्थिनी. तिनें आपलें काम दाखविण्यासाठीं धीर एकवटून यावें, आणि ज्या जागीं तिला उभें राहावयाचें त्याच जागीं मोठ्या माणसांनीं असला खेळ मांडावा! त्या दोन तरुणांच्या मनांत त्या मुलीविषयीं दुष्टावा होता, असें मी म्हणत नाहीं. ती त्यांच्या मनांत नव्हतीच. माझ्या मतें सगळ्या दोषाचें मूळ येथेंच आहे.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकलें पाहिजे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षास अर्थ नाहीं.

पहिला मुद्दा असा कीं, भाषणाचा मथळा आधींच जाहीर होता; ज्याला रुचत नसेल त्यानें दुसरीकडे जावें. हा न्याय नाटकगृहाला लागू पडेल. तेथें मनुष्य करमणुकीसाठीं जातो. एक खेळ न आवडला तर दुसरा पाहतो. परंतु अशा परिषदेस मनुष्य जातो तो शिकावयास, आपल्या धंद्यांतील माणसांच्या ओळखी करून घ्यावयास, क्वचित् नोकरी शोधावयास. माहितीच्या सांठ्याची ती नवी व्यवस्था समजून घेणें हें एखाद्या स्त्रीच्या पोटापाण्याचें काम असेल. तिला आपण सांगतों, “पडद्यावरचीं चित्रें सहन कर, नाहीं तर त्या ज्ञानावर पाणी सोड.” शेजारच्या खुर्चीवरील पुरुषाला मात्र अशी निवड करावी लागत नाहीं. तिकिटाचें मोल दोघांनीं सारखेंच दिलेलें असतें.

दुसरा मुद्दा असा कीं, हें क्षेत्र पहिल्यापासून तरुण पुरुषांचें. त्यांची भाषा अशीच रांगडी असावयाची. हा मुद्दा इतिहासालाच धरून नाहीं. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणकयंत्रावर १८४३ सालीं विस्तृत टिपणें लिहून, यंत्राकडून गणित कसें करवून घ्यावें याची पायरीवार मांडणी प्रसिद्ध केली ती एडा लव्हलेस या बाईंनीं. १९४६ सालीं अमेरिकेनें ‘एनिॲक’ हें प्रचंड यंत्र जगापुढें आणलें. त्याला गणितें घालून देण्याचें अवघड काम ज्या पहिल्या सहा जणांनीं केलें, त्या सहाही स्त्रियाच होत्या. तेव्हां या घरांत स्त्रिया काल आलेल्या पाहुण्या आहेत, असें कोणीं समजूं नये.

तिसरा मुद्दा असा कीं, विनोद म्हटला कीं कोणाला तरी टोंचावयाचाच. टोंचणी काढून घेतली तर विनोद मरेल. यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषक पाहा. तो राजाच्या तोंडावर राजाची फजिती करतो, आणि त्याहून अधिक स्वतःची. त्याचें खादाडपण, त्याचें भित्रेपण, त्याचें अज्ञान हेंच त्याचें भांडवल. टोंचणी आहे, परंतु ती एक तर आपल्याहून थोराला, नाहीं तर स्वतःला. सभेंतल्या एकट्या-दुकट्या माणसाकडे बोट दाखवून शंभरांना हंसविणें याला विदूषकाची बुद्धि लागत नाहीं.

चौथा मुद्दा सर्वांत बळकट वाटतो, आणि तो मीं स्वतः वर्षानुवर्षें उराशीं धरला होता. तो असा कीं, “अहो, ज्यांच्यावर विनोद केला तीं माणसें देखील हंसत होतीं!”

येथें मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि विसाव्या वर्षीं शाळेंत रुजू झालों. विनोदी शिक्षक म्हणून माझा लौकिक होता, व त्याचा मला अभिमानही होता. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत मी सरळव्याज शिकवीत होतों. फळ्यावर उदाहरण सोडविलें. तेवढ्यांत तिसऱ्या बांकावरील एका मुलीनें हात वर केला व विचारलें, “सर, पहिल्या वर्षाचें व्याज त्यानें दिलेंच नाहीं, तर दुसऱ्या वर्षीं त्या व्याजावर व्याज कां नाहीं धरायचें?” घंटा होण्यास पांच मिनिटें उरलीं होतीं आणि मला धडा संपवावयाचा होता. मीं खडू खालीं ठेवला आणि म्हटलें, “हिला बाई सावकाराच्याच घरीं दिली पाहिजे! सासऱ्याची तिजोरी चार दिवसांत भरेल!”

वर्ग कोसळला. मुलें बांकें बडवून हंसलीं. ती मुलगीही हंसली. मीं समाधानानें फळा पुसला.

श्रोत्यांपैकीं ज्यांना गणिताची आवड आहे, त्यांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, त्या मुलीचा प्रश्न म्हणजे चक्रवाढव्याजाचें मूळ होय. जी कल्पना आम्ही मुलांना पुढच्या इयत्तेंत शिकवितों, ती तिला आपल्या बुद्धीनें सुचली होती. अशा विद्यार्थिनीला शिक्षकानें फळ्यापाशीं बोलावून सगळ्या वर्गापुढें तिचें कौतुक करावयाचें. मीं तिला हंशावारी नेलें. पुढें वर्षभर मुलें तिला ‘सावकारीण’ म्हणून हांक मारीत. तीही हांक ऐकून मीं गालांतल्या गालांत हंसल्याचें मला स्मरतें.

निवृत्तीनंतर एका लग्नसमारंभांत ती मला भेटली. तिनें वांकून नमस्कार केला. आपलें वह्या-पुस्तकांचें दुकान आहे, मुलगा इंजिनिअर झाला, असें आनंदानें सांगितलें. बोलतां बोलतां मींच जुना विनोद काढला. वाटलें, ती हंसेल. ती हंसलीही. मग म्हणाली, “सर, त्या दिवशीं मीही हंसलें होतें. न हंसून करतें काय? पण त्यानंतर गणिताच्या तासाला मीं कधीं हात वर केला नाहीं.”

तिच्या बोलण्यांत राग नव्हता. पंगतीला बोलावणें आलें व ती निघून गेली. ‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ ही म्हण मीं किती वेळां मुलांकडून वहींत लिहवून घेतली असेल! पण त्या वर्गांत मांजर कोण होतें, हें कळावयास मला इतकीं वर्षें लागलीं.

म्हणून चौथ्या मुद्द्याला माझें उत्तर एवढेंच कीं, ज्याच्यावर विनोद होतो त्याचें हंसणें ही संमति समजूं नये. शंभर माणसें हंसत असतां एकट्यानें गंभीर बसणें म्हणजे स्वतःवर दुसरा विनोद ओढवून घेणें होय. तो हंसतो, कारण हंसणें हाच तेथें सुटकेचा एक मार्ग असतो. सभेला वाटतें, सर्वांना मौज वाटली. मौजेचा हिशेब मागाहून होतो, जेव्हां तो मनुष्य पुन्हां प्रश्न विचारीत नाहीं, पुढच्या परिषदेस येत नाहीं. आणि न आलेल्या माणसांची हजेरी कोणी घेत नाहीं.

परंतु दोषाला उपाय कोणता करावा, यांतही तारतम्य हवें. याच्याही दोन हकीकती आहेत.

सन २०१३ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें ‘पायथॉन’ या संगणकभाषेची परिषद भरली होती. या भाषेला पायथॉन हें नांव सर्पावरून मिळालेलें नाहीं. तें बीबीसीवरील ‘मॉंटी पायथॉन’ या विनोदी मंडळीच्या कार्यक्रमावरून मिळालें, इतकी या लोकांना विनोदाची आवड! तेथें श्रोत्यांत बसलेले दोघे पुरुष एका यंत्रभागाच्या नांवावरून आपसांत द्वयर्थी कोटी करीत होते. पुढें बसलेल्या एका बाईंना तें खटकलें. त्यांनीं दोघांचें छायाचित्र काढून लोकांत प्रसिद्ध केलें. परिषदेच्या चालकांनीं तेथल्या तेथें उभयपक्षांशीं बोलून प्रकरण मिटविण्याचा यत्न केला होता. परंतु छायाचित्र जगभर गेलें. दोघांपैकीं एकाची नोकरी गेली. मग जमाव उलटला तो त्या बाईंवर. त्यांना घाणेरड्या धमक्या आल्या, आणि दोन-चार दिवसांतच त्यांचीही नोकरी गेली. एका कोटीपायीं दोन संसारांची घडी विसकटली, आणि कोणी शहाणें झालें असें दिसलें नाहीं.

दुसरी हकीकत सन २०१५ च्या जूनमधील. दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरीं विज्ञानविषयक पत्रकारांच्या जागतिक परिषदेंत भोजनप्रसंगीं सर टिम हंट बोलावयास उठले. पेशींच्या विभाजनाविषयींच्या संशोधनाबद्दल २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलेले हे शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेंत मुली आल्या म्हणजे प्रेमप्रकरणें होतात आणि चूक दाखविली कीं त्या रडतात, अशा आशयाची थट्टा त्यांनीं केली. तें सर्व आपल्या स्वतःवरचें हास्य होतें, असें त्यांच्या बाजूच्या कांहीं उपस्थितांनीं मागाहून सांगितलें. असेलही. पण वादळ उठलें आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील आपलें सन्माननीय प्राध्यापकपद त्यांनीं सोडलें. या प्रसंगीं स्त्री-शास्त्रज्ञांनीं दिलेलें एक उत्तर मला फार आवडलें. अंगभर संरक्षक पोशाख, तोंडावर मुखवटा, हातांत चिखलाचीं भांडीं, अशीं आपलीं छायाचित्रें त्यांनीं प्रसिद्ध केलीं आणि खालीं लिहिलें कीं, पाहा, आम्ही पुरुषांचें लक्ष कसें विचलित करतों! विनोदाला विनोदानें उत्तर मिळालें, आणि त्यांत कोणाच्या अन्नावर गदा आली नाहीं.

जन्मभराचें काम एका वाक्याच्या तराजूंत घालणें मला न्यायाचें वाटत नाहीं. चुकलेल्याला चूक दाखवावी, त्यानें ती मान्य करावी, आणि ज्याचें नुकसान झालें त्याला पुन्हां सभेंत मानानें बसवावें, हाच मार्ग बरा. आतां अनेक तांत्रिक परिषदा वर्तनाचे लेखी नियम आधींच प्रसिद्ध करतात, आणि तक्रार कोणाकडे न्यावी तेंही सांगतात. नियम उघड असले म्हणजे जमावाला न्यायाधीश व्हावें लागत नाहीं.

यावरून मी विनोदाचा वैरी झालों, असें मात्र कोणीं समजूं नये. विद्वानांच्या सभेंत निर्मळ हास्य किती पिकूं शकतें, याचीं उत्तम उदाहरणें आहेत. सन २०१२ मध्यें गॅरी बर्नहार्ट या प्रोग्रॅमरानें एका परिषदेंत पांच मिनिटांहून कमी वेळाचें एक भाषण केलें. संगणकाच्या भाषा कधीं कधीं किती वेडगळ उत्तरें देतात, एवढाच विषय. एका भाषेंत दोन रिकाम्या याद्यांची बेरीज केली, तर उत्तर रिकामी यादी येत नाहीं. रिकामा शब्द येतो! सभागृह खो खो हंसत होतें. फजिती झाली ती यंत्राच्या भाषेची, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कांहीं तरी शिकावयासही मिळालें.

तसेंच, आधीं हंसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनाला १९९१ पासून ‘इग् नोबेल’ नांवाचीं पारितोषिकें देतात. आंद्रे गाइम यांना चुंबकाच्या बळावर बेडूक अधांतरीं तरंगविल्याबद्दल २००० सालीं तें मिळालें, आणि पुढें दहा वर्षांनीं खरें नोबेलही मिळालें. या समारंभांतील एक जुना प्रघात ऐका. बक्षीस घेणारा विद्वान् वेळ संपल्यावरही बोलतच राहिला, तर आठ वर्षांची एक मुलगी त्याच्यापुढें येऊन उभी राही आणि “पुरे करा, मला कंटाळा आला,” असें तो थांबेपर्यंत म्हणत राही. सभा पोट धरधरून हंसे. एका व्यासपीठावर नऊ वर्षांच्या मुलीचा कोणाला विचारच नव्हता; दुसऱ्यावर आठ वर्षांची मुलगी जगांतल्या पंडितांना गप्प बसवीत असे. हंशा दोन्हीकडे विद्वानांच्याच सभेंतला. फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे.

त्या रात्रीं मीं कन्येला ही ‘सावकारिणी’ची गोष्ट सांगितली. तिनें ती पूर्वीं कधीं ऐकली नव्हती. थोडा वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग तिनें कागदावरील एक विनोद खोडला आणि त्या जागीं आपलीच एक फजिती लिहिली. तिनें लिहिलेला एक प्रोग्रॅम एका रात्रीं बिघडला आणि तिलाच एकच सूचना पहांटेपर्यंत पाठवीत राहिला, तो प्रसंग. परिषद झाल्यावर तिचा फोन आला. लोक मनापासून हंसले, म्हणाली. आणि भाषण संपतांच मागच्या रांगेंतील एका नवख्या मुलीनें हात वर करून प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता काय, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “फार चांगला होता, बाबा. मला उत्तर आलें नाहीं. दोघींनीं मिळून तें चहाच्या वेळीं शोधलें.”

माझ्या वर्गांतला तो हात मींच खालीं आणला. आतां तो वर आणणें माझ्या हातीं नाहीं. पण आपल्यापैकीं ज्यांना वर्गांत, सभेंत किंवा घरीं पंगतींत चार माणसांपुढें बोलावें लागतें, त्यांनीं हंशा पिकल्यावर क्षणभर थांबून एकदां सगळीकडे नजर फिरवावी, एवढी माझी विनंती आहे.